मुख्याध्यापकच नसलेल्या शाळा

मुख्याध्यापकाने रोज एक तरी तास वर्गावर घ्यावा, म्हणजे शिक्षकांत त्याच्या शब्दाला वजन राहते, हे मुख्याध्यापकांच्या नेतृत्वावरील चर्चेत मांडले गेलेले मत मला पटते. मात्र शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, ही बाब त्या चर्चेत राहून गेली. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पदभार ज्येष्ठ शिक्षकाकडेच असतो. तो दिवसभर वर्ग सांभाळून पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, यू-डायस या शासकीय प्रणालीत भरायची शाळेची माहिती आणि शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्तही लिहितो. सहकाऱ्याचा पाठ पाहायला जायचे, तर त्याला स्वतःचा वर्ग मोकळा सोडावा लागतो. अशा शिक्षकांना नेतृत्वाचे प्रशिक्षण देण्याआधी प्रत्येक केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, एक लिपिक नेमावा, असे मला कळकळीने वाटते.