क्रेन रात्री काय करतात? : तुमचे अनुभव लिहा

माझ्या खिडकीतून पाच टॉवर क्रेन दिसतात. परवा काम सुटलं तेव्हा पाच जणींची तोंडं पाच दिशांना होती, चांगलं कडाक्याचं भांडण झाल्यासारखी. सकाळी बघते तर पाचही एकाच बाजूला बघत उभ्या! रात्रीतून काहीतरी मिटलेलं दिसतंय. ज्यांनी ज्यांनी क्रेनकडे बघण्यात कामाचा वेळ वाया घालवलाय, त्यांनी लिहा. खरं, खोटं, दोन्ही चालेल.

*

रसभंग करतोय, माफ करा. शिफ्ट संपली की ऑपरेटर फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडूनच खाली उतरतो. लांब हाताला वारा जास्त लागतो, त्यामुळे तो वारा नेईल तिकडे वळतो. ब्रेक लावून ठेवला तर क्रेन वारा आडवा अंगावर घेईल आणि वादळात कोसळायची भीती. तेव्हा तुमच्या पाच जणींनी समेट वगैरे केलेला नाही, सगळ्यांनी मिळून वाऱ्याकडे पाठ फिरवली आहे. (हे लिहिल्यावर मलाच वाटलं, समेट म्हणजे तरी दुसरं काय असतं?) कधी एखादी उंच इमारतीच्या आडोशाला असते, तिला वारा वेगळा लागतो आणि ती भलतीकडेच बघते. तिला रुसलेली म्हणायला माझी हरकत नाही.

*

आमच्या साइटवर दोघी होत्या, अगदी जावा-जावा. दोघींची वर्तुळं एकमेकींत शिरायची, म्हणून एक कायम उंच ठेवावी लागे. इमारत वाढली की आधी थोरली चढणार, मग धाकटी. चढणं म्हणजे काय, तर हायड्रॉलिक जॅकने स्वतःचंच डोकं उचलून धरायचं आणि खाली मानेचा एक नवा तुकडा बसवून घ्यायचा. एवढं करूनही थोरलीचा लोंबता दोर धाकटीच्या वाटेत यायचाच. रेडिओवर दिवसभर त्याचीच कुरबुर. कुरबुर माणसांची होती म्हणा, पण आम्ही खापर त्या दोघींवर फोडायचो.

*

मी क्रेन चालवतो. शेजारच्या साइटच्या क्रेनवर एक जण होता. केबिन साधारण एकाच उंचीवर, त्यामुळे सकाळी चढलो की मी हात करायचो, तोही करायचा. डबा दोघं एकाच वेळी उघडायचो. आठ महिने हे चाललं. खाली एकदाही भेट नाही, नाव माहीत नाही, उभा राहिला तर उंच की बुटका तेही नाही. मग त्यांचं काम संपलं. तिचा हात सुटा करून खाली नेताना मी माझ्या केबिनमधून बघत होतो. त्या दिवशी सिग्नलमनला मला दोनदा हाक मारावी लागली.

क्रेनचं माहीत नाही, पण वरच्या माणसांचं असं असतं.

*

उतरवण्यावरून आठवलं. खूप उंच इमारतीच्या माथ्यावरची क्रेन खाली कशी येते, हे मला कितीतरी वर्षं कोडं होतं. तर ती आपल्याहून लहान क्रेनला स्वतःच वर उचलून घेते. मग ती लहान या मोठीचे भाग सुटे करून खाली सोडते. मग तिच्याहून लहान एक येते आणि तिला उतरवते. शेवटचीचे तुकडे लिफ्टने जातात. मला हे कळलं तेव्हा मी उगाचच आईला फोन केला.

*

फ्रेंच शिकताना कळलं की ‘ग्रू’ म्हणजे क्रौंच पक्षी आणि क्रेनसुद्धा. इंग्रजीतही तेच. आपण मात्र यंत्राचा शब्द तेवढा घेतला, पक्षी तिकडेच राहिला. एका पायावर उभं राहून झोपणाऱ्यांचा थवा, असं बघा आता त्यांच्याकडे.

*

आमच्या समोरची गेल्या आठवड्यात गेली. रात्री पाणी प्यायला उठलं की तिचा लाल दिवा दिसायचा. काल उठलो तर त्याच्या जरा खाली, बाराव्या मजल्यावर, कुणीतरी पिवळा दिवा लावून पडद्याची दांडी बसवत होतं. रात्री दोन वाजता!