सेमिनारला ब्रँडम: कुठून वाचावं, आणि ‘कमिटमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

एमए_संभाजीनगर
एम.ए. तत्त्वज्ञानाच्या तिसऱ्या सत्राला अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट ब्रँडमवर सेमिनार ठेवलाय. 12 आठवडे, आठवड्याला दोन तास, आम्ही आठ जण. यादीत त्यांचं ‘मेकिंग इट एक्सप्लिसिट’ (1994) आहे. सातशेवर पानं, सत्रात संपणं कठीण. त्यात पुस्तक इंग्रजी, चर्चा मराठीत. ‘कमिटमेंट’ला ‘बांधिलकी’ म्हटलं की चर्चा भलतीकडंच जाते. क्रम कसा लावावा, शब्द कोणते घ्यावेत?

पोथीवाला
जाड पुस्तक कपाटात राहू द्या, संदर्भाला काढा. ब्रँडमचंच ‘आर्टिक्युलेटिंग रीझन्स’ (2000) घ्या, प्रकरणं सहाच आहेत. त्याआधी तीन आठवडे, ब्रँडम ज्यांच्यावरून पुढं जातात त्या विल्फ्रिड सेलर्सचा निबंध ‘एम्पिरिसिझम अँड द फिलॉसॉफी ऑफ माइंड’ (1956). 1997 ची हार्वर्ड आवृत्ती मिळवा: प्रस्तावना तत्त्वज्ञ रिचर्ड रॉर्टींची आणि शेवटी ब्रँडमनंच लिहिलेलं मार्गदर्शन. 63 परिच्छेद आहेत. टायच्या दुकानाचा भाग (विजेच्या दिव्यात रंग ओळखण्याची गोष्ट) आणि 36वा परिच्छेद (जाणणं म्हणजे कारणं देता येणं) सावकाश वाचा.

मग ‘आर्टिक्युलेटिंग रीझन्स’च्या पहिल्या प्रकरणाला तीन आठवडे, दुसऱ्याला एक, पाचव्या-सहाव्याला दोन-दोन. उरलेला एक सादरीकरणाला. तिसऱ्याचा सारांश एकानं द्यावा. चौथं फार तांत्रिक आहे, ते सोडलं तरी अडत नाही.

घोळ होतो तो पहिल्या प्रकरणात, ‘मटेरियल इन्फरन्स’पाशी, म्हणजे शब्दांच्या आशयावरच टिकणाऱ्या अनुमानापाशी. नांदेड परभणीच्या पूर्वेला आहे, म्हणून परभणी नांदेडच्या पश्चिमेला. तर्कशास्त्र शिकलेला लगेच म्हणतो, मधलं एक विधान गाळलंय. न्यायदर्शन शिकलेला व्याप्ती (‘जिथं धूर तिथं अग्नी’सारखा नियम) शोधायला लागतो. ब्रँडमच्या मते इथं काहीच गाळलेलं नाही. ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ समजणं म्हणजेच हे अनुमान करता येणं. ‘जर-तर’ ते उघड बोलून दाखवतं, योग्य ठरवत नाही. प्रत्येक अनुमानाचा नियम आधी विधान म्हणून लिहायचा म्हटलं, तर तो नियम लावायचाही नियम लिहावा लागतो आणि मग थांबायला जागा उरत नाही. लुईस कॅरलचा कासव-अकिलीस संवाद (1895) नेमका यावर आहे. चार पानांच्या आतला मजकूर, पहिल्याच बैठकीत वाचून घ्या.

शब्दकोडं
‘बांधिलकी’ सोडाच. आपल्याकडं ती ‘सामाजिक’ला चिकटून येते आणि मनातली निष्ठा सुचवते. ब्रँडमच्या लेखी विधान केलं की त्यातून जे जे निघतं ते बोलणाऱ्याच्या अंगावर येतं, त्याला ते ठाऊक असो की नसो. म्हणून ‘दायित्व’. ‘एंटायटलमेंट’ला नुसतं ‘हक्क’ नको, ‘म्हणण्याचा अधिकार’ असं पूर्ण लिहा. एक दायित्व घेतल्यानं आपलाच दुसऱ्या एखाद्या विधानाचा अधिकार जातो, ती ‘विसंगती’.

‘प्रॅग्मॅटिझम’साठीचा ‘फलप्रामाण्यवाद’ हा रूढ शब्दही जपून वापरा. त्यातल्या ‘फला’मुळं पोरं ‘जे उपयोगी ते सत्य’ असं लिहितात आणि ब्रँडमच्या तोंडी विल्यम जेम्सचं मत घालतात. ब्रँडमचा प्रॅग्मॅटिझम म्हणजे शब्दाचा आशय वापरातून उलगडणं.

आणखी एक. बाबासाहेब कोलंबियात (1913 ते 1916) प्रॅग्मॅटिस्ट तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंकडं शिकले, त्यामुळं आपल्या भागात प्रॅग्मॅटिझम म्हटलं की हा दुवा जोडावासा वाटणारच. पण ब्रँडमची वाट मुख्यतः कांट, हेगेल, फ्रेगे, सेलर्सवरून येते. आंबेडकर-ड्यूई हा स्वतंत्र पेपरचा विषय, इथं ओढूनताणून नको.

एमए_संभाजीनगर
‘दायित्व’ पक्कं. पहिल्या प्रकरणात लाल वस्तू दिसली की ‘हे लाल आहे’ म्हणायला शिकवलेल्या पोपटाचं उदाहरण आहे. त्यावर आमच्यातले दोघं म्हणतात की पोपटाला जाणीव नसते, म्हणून त्याचं ‘हे लाल आहे’ धरायचं नाही. बरोबर का?

पोथीवाला
नाही, तिथं जाणिवेवर काहीच टांगलेलं नाही. पोपट बाजूला ठेवा, मोंढ्यात चला. मॉइश्चर मीटर सोयाबीनमध्ये 16 टक्के दाखवतं. आडत्या हात घालून म्हणतो, ‘ओलं आहे.’ दोघांचा प्रतिसाद सारखाच भरवशाचा असेल. पण आडत्याच्या वाक्यातून पुढं निघतं: कटती लागेल, ऊन द्यावं लागेल, थप्पीला लावलं तर बुरशी येईल, आणि ‘खडखडीत वाळलंय’ म्हणायची वाट बंद. ‘कशावरून?’ विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. मीटरला कोणी विचारत नाही.

त्याच प्रकरणात तत्त्वज्ञ मायकल डमेटकडून घेतलेलं ‘बॉश’ या शिवीचं उदाहरण आहे: माणूस जर्मन म्हणून ‘बॉश’, आणि ‘बॉश’ म्हणून क्रूर. आपल्याकडं ‘मागास’ घ्या. लावायची अट सिंचन-उत्पन्नाच्या आकड्यांची, आणि निष्कर्ष मात्र ‘इथल्या माणसांना धमकच नाही’. आकडे खरे असतील तर ‘आम्ही मागास नाही’ म्हणून सुटका होत नाही. त्या शब्दात दडलेलं अनुमानच नाकारावं लागतं.

शब्दकोडं
पाचव्या प्रकरणासाठी एक सराव. पेरणीआधी दादा म्हणतात, ‘हे बियाणं उगवेल.’ तुमच्या मते ते बोगस आहे. दोन वाक्यं लिहा: ‘दादा म्हणतात की हे बियाणं उगवेल’ आणि ‘या बोगस बियाण्याबद्दल दादा म्हणतात की ते उगवेल’. दुसऱ्यातलं ‘बोगस’ कोणाच्या खात्यावर? तुमच्या. दादांच्या खात्यावर फक्त उगवणं. वहीत प्रत्येक वक्त्याला दोन रकाने करा, ‘दायित्व’ आणि ‘अधिकार’, आणि प्रत्येक विधानानंतर नोंद करत जा. आठ जण असाल तर दोघांनी बोलावं, सहा जणांनी आपापली वही लिहावी. सहाही वह्या जुळणार नाहीत. कुठं जुळल्या नाहीत तिथूनच चर्चा सुरू करा.