बरगडी सरकते म्हणजे नेमके काय होते?

सह्यवाट
माझे वय ४२ आहे. गेल्या महिन्यात कोरडा खोकला बराच लांबला आणि तो ओसरत असतानाच डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेशी चमक निघू लागली. दीर्घ श्वास घेताना, शिंकताना आणि झोपेत कूस बदलताना ती वाढते, आणि कधीकधी बरगडीच्या रेषेने थेट छातीपर्यंत येते. डॉक्टरांनी ईसीजी आणि छातीचा एक्स-रे पाहून हृदय व फुप्फुसे ठीक असल्याचे सांगितले आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे मात्र असे, की उसण भरली आहे, बरगडी सरकली आहे, ती हाडवैद्याकडून बसवून घ्यावी. बरगडी खरोखर जागा सोडते का, आणि सोडत असेल तर ती एक्स-रेमध्ये का दिसत नाही?

फिजिओ शरयू
तुम्ही सांगता त्या जागी, म्हणजे मणक्याजवळ, मोठा अपघात झाल्याशिवाय बरगडी जागा सोडत नाही. दुसऱ्यापासून नवव्यापर्यंतच्या प्रत्येक बरगडीचे डोके लगतच्या दोन मणक्यांना आणि त्यांच्यामधील गादीला टेकलेले असते. तेथून थोडे बाहेर तिचा एक उंचवटा मणक्याच्या आडव्या फाट्याशी दुसरा सांधा करतो, आणि हे दोन्ही सांधे आखूड, घट्ट अस्थिबंधांनी जखडलेले असतात. त्यामुळे बरगडी या दोन सांध्यांतून जाणाऱ्या अक्षाभोवती फक्त किंचित फिरू शकते. वरच्या बरगड्यांमध्ये हा अक्ष बराचसा आडवा असल्याने श्वास घेताना त्यांचे पुढचे टोक हातपंपाच्या दांड्यासारखे वर-पुढे उचलले जाते. खाली जावे तसा तो मागच्या दिशेला अधिक वळत जातो, आणि म्हणून खालच्या बरगड्या बाजूंना फाकतात.

खोकल्याच्या वारंवार झटक्यांनी या सांध्यांचे आवरण दुखावते आणि भोवतालचे स्नायू आखडतात. हाड हललेले नसते, म्हणून एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. बरे व्हायला वेळ लागतो तो यामुळे, की मोठा माणूस विश्रांतीतही मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि या सांध्यांना पूर्ण विसावा असा कधी मिळतच नाही.

हाडवैद्याच्या हाताखाली होणारा ‘कट्’ आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. त्यावरून काही जागेवर बसले असे म्हणता येत नाही. अशा झटक्याने काहींना तात्पुरता आराम पडतो, हे मी नाकारत नाही. परंतु दीर्घ खोकल्याने बरगडीला बारीक चीर जाऊ शकते आणि ताजी चीर साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा निसटते, म्हणून एकाच बिंदूवर दाबून तीव्र कळ येत असेल तर तेथे कोणालाही झटका देऊ देऊ नका.

जुना डॉक्टर
शरयूताईंशी सहमत आहे, पण एक भर घालतो. बरगडी खरोखर सरकते ती पुढच्या बाजूला. आठवी, नववी आणि दहावी बरगडी छातीच्या मधल्या हाडाला थेट जोडलेली नसते. तिची कूर्चा, म्हणजे टोकाचा लवचीक, हाडाहून मऊ भाग, वरच्या बरगडीच्या कूर्चेला बिलगलेली असते. हा दुवा सैल झाला की टोक वरच्या बरगडीखाली शिरते आणि मधली नस चिमटली जाते. दुखणे बरगड्यांच्या खालच्या कडेला असल्याने अनेक रुग्णांची आधी पित्ताशयाची आणि जठराची तपासणी होते. त्या कडेखाली बोटे अडकवून पुढे ओढल्यावर तीच ओळखीची कळ आली, तर निदानाला मोठा आधार मिळतो.

दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या पुढच्या सांध्यांशी दाबून दुखत असेल, पण सूज नसेल, तर तो बहुधा कूर्चेचा दाह असतो. स्पष्ट सूज असेल तर जर्मन शल्यचिकित्सक टीत्से यांनी १९२१ साली वर्णन केलेला विकार आठवावा. दाबून दुखते म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही, हे मात्र लक्षात ठेवा: घाम, धाप, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ असेल तर थेट रुग्णालय गाठावे. आणि त्याच पट्ट्यात कातडीची आग होत असेल तर आठवडाभर तेथे लक्ष ठेवा, कारण नागिणीचे पुरळ वेदनेनंतर काही दिवसांनी उठू शकते.

सह्यवाट
दोघांचेही आभार. आग किंवा पुरळ नाही, एका बिंदूवर कळही नाही. छातीला पट्टा बांधला तर चालेल का?

फिजिओ शरयू
बांधू नका. पूर्वी बांधत असत, पण त्याने श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी, पाठीला शेक द्यावा, दर तासाला काही दीर्घ श्वास सोसवेल इतके घ्यावेत, आणि दुखणे कमी होऊ लागले की बसल्या जागी धड दोन्ही बाजूंना सावकाश वळवावे. काही आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा सकाळी पाठ अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहून हालचालीने मोकळी होत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. मणक्यांच्या दाहक संधिवातात हेच सांधे धरले जातात आणि छातीचे प्रसरण कमी होते. ते टेपने मोजता येते, म्हणून भेटीत तसे मोजायला सांगा.