टारझनवरचा कलंक नेमका कुठला?

एडगर राइस बरोजच्या कादंबऱ्यांतला, जंगलात वानरांनी वाढवलेला टारझन आणि त्याची प्रेयसी जेन लग्नाशिवाय राहिले म्हणून बदनाम झाले, असं म्हटलं जातं. पण तो ठपका सिनेमांमुळे बसलेला, पुस्तकामुळे नव्हे. १९१५ साली पुस्तकरूपात आलेल्या दुसऱ्या भागात जेनचे वडीलच त्यांचं रीतसर लग्न लावतात (प्रोफेसरसाहेब ऐनवेळी धर्मोपदेशकही निघतात, लेखकाची सोय!). तरी १९६१मध्ये कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे शाळेच्या ग्रंथालयातून याच कारणासाठी ही पुस्तकं हटवली होती. न वाचताच सोवळं!

मला खरा कलंक पहिल्या भागाच्या शेवटी दिसतो. ग्रेस्टोक या इंग्लिश उमराव घराण्याचा वारस तूच, हे बोटांच्या ठशांवरून सिद्ध झाल्याची तार टारझनला मिळालेली असते. समोर त्याचा चुलतभाऊ क्लेटन, ज्याच्याकडे सध्या ती पदवी आणि इस्टेट आहे आणि ज्याला जेनने लग्नाचं वचन दिलंय. तो सहज विचारतो, तू त्या जंगलात आलास कसा? टारझन सांगतो, माझी आई वानरी होती, बाप कोण ते ठाऊक नाही. ज्या जन्माला समाज नाक मुरडेल तोच तो जाणूनबुजून पत्करतो. पदवी, इस्टेट, जेन, सगळं सोडून. साहसकथा म्हणून वाचणारे हे पान भर्रकन उलटतात.

आफ्रिकी माणसांचं चित्रण मात्र कसंही वाचलं तरी पचत नाही.