मोठा रंगीत ई-इंक टॅब रोजच्या वाचनाला घ्यावा का?

अक्षरवेध

मोठ्या रंगीत ई-इंकचा (स्वतः न उजळणाऱ्या, कागदासारख्या पडद्याचा) विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला: "पडदा मळकट दिसतो." दिसतो, त्यात वाद नाही. पण तेवढ्यावरून तो रोजच्या वाचनाला कुचकामी ठरवतात, ते मला अजिबात पटत नाही.

कादंबरीला सहा-सात इंच पुरतात. मोठा पडदा लागतो तो पाठ्यपुस्तकं, शोधनिबंध, मासिकं, नकाशे, यंत्रांच्या माहितीपुस्तिका यांना, आणि तिथे रंग शोभेसाठी नसतो. आलेखात एक रेघ शुद्ध लाल (255, 0, 0) आणि दुसरी गडद हिरवी (0, 128, 0) आहे असं धरा. करड्यात रूपांतर करण्याच्या नेहमीच्या सूत्राने 0 ते 255 च्या मापावर पहिलीची किंमत 76 येते, दुसरीची 75. कृष्णधवल पडद्यावर त्या दोन रेघा वेगळ्या ओळखणं शक्यच नाही.

मोठ्या आकाराच्या बहुतेक रंगीत ई-इंक टॅबमध्ये 2022 साली आलेलं कॅलिडो 3 पॅनल असतं. खाली नेहमीचं कृष्णधवल पॅनल आणि त्यावर रंगांची गाळणी. काळा मजकूर 300 पीपीआयने (एका इंचातले ठिपके) दिसतो, रंग 150 ने, एकूण 4096 छटा. फोटो फिके पडतात. आलेख, नकाशे आणि अधोरेखनाला एवढं भरपूर झालं.

निळी शाई

असहमत. "मळकट" हा फार सौम्य शब्द झाला.

खोलीतला प्रकाश आत जाताना त्या गाळणीतून जातो आणि परत येताना पुन्हा तिच्यातूनच येतो. दोन्ही वेळा घट. त्यामुळे पांढरी जागा करडी दिसते, काळा आहे तिथेच राहतो आणि कॉन्ट्रास्ट कमी होतो. जवळून पाहिलं तर पांढऱ्या भागात बारीक जाळीही दिसते. कार्टा या कृष्णधवल ई-इंक पॅनलवर खिडकीपाशी फ्रंटलाइट (पडद्यावर प्रकाश टाकणारा टॅबचा दिवा) बंद ठेवून निवांत वाचता येतं. कॅलिडोवर घरातल्या साध्या उजेडात तो दिवा लावावाच लागतो. ई-इंकला वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, पण फ्रंटलाइट सतत वीज घेतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी ई-इंक घ्यायचं, कागदासारखा पांढरेपणा आणि लांब चालणारी बॅटरी, त्या दोन्हींवर पाणी सोडायचं. तेही प्रत्येक पानावर, रंग मात्र अधूनमधूनच भेटणार.

अक्षरवेध

@निळी शाई, गाळणीचा मुद्दा मान्य. पण फॅक्टरी सेटिंगवर पाहून निकाल देऊ नका. ईपबमध्ये (अक्षरांचा आकार बदलता येणारं ई-पुस्तक) फॉन्टचा ठळकपणा एक-दोन पायऱ्या वाढवला की अर्धी तक्रार मिटते, कारण करड्या पार्श्वभूमीत आधी हरवतात त्या बारीक रेघा. देवनागरीत तर हे जास्तच जाणवतं: शिरोरेघ आणि उभा काना ठसठशीत दिसतात, पण रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांमधली बारीक वळणं पुसट होतात. पीडीएफमध्ये ठळकपणा वाढवता येत नसेल, तिथे कॉन्ट्रास्ट वाढवायचा.

दुसरं, रंगांची तीव्रता शेवटपर्यंत ताणू नका. फिके रंग एकमेकांत मिसळतात आणि तक्त्यांच्या हलक्या पट्ट्या गडद होऊन त्यांवरचे आकडे वाचवत नाहीत.

आणि पिवळा हायलायटर वापरू नका. रात्री उबदार फ्रंटलाइट लावला की सगळं पानच पिवळसर होतं आणि खूण गायब होते. गुलाबी किंवा निळा कधीही टिकतो.

मापाडी

रंगाच्या आधी आकाराचं बोला. 10.3 इंची 4:3 पडदा म्हणजे साधारण 157 × 209 मिमी, जवळजवळ ए5. ए4 पान त्यावर अख्खं बसवलं की 70 टक्क्यांवर येतं, म्हणजे 10 पॉइंटचा मजकूर 7 पॉइंटचा होतो. तळटीप तर विसराच. बरेच जण "रंगीतवर अक्षर नीट दिसत नाही" म्हणतात तेव्हा खरा दोष या आकसण्याचा असतो, गाळणी फुकट बदनाम होते.

उपाय आहे. चारही बाजूंना 25 मिमी समास असेल तर तो कापल्यावर मजकुराचा चौकोन 160 × 247 मिमी उरतो. तो अख्खा बसवला तर 85 टक्के, म्हणजे साडेआठ पॉइंट. हे चालतं. टॅब आडवा धरला तर पानाची पूर्ण रुंदी जवळपास मूळ मापात दिसते, पण एका वेळी पानाचा निम्म्याहून थोडाच जास्त भाग. दोन स्तंभांच्या शोधनिबंधाला स्तंभानुसार पुढे सरकण्याचा पर्याय वापरा, निओरीडर आणि केओरीडर या दोन्ही वाचन-ॲपमध्ये तो आहे. आपोआप समास कापणं मात्र सगळीकडे चालत नाही. स्कॅनच्या कडेला काळी पट्टी किंवा ग्रंथालयाचा शिक्का असेल तर प्रोग्राम त्यालाच मजकूर समजतो. तिथे हाताने चौकट आखा, सम आणि विषम पानांसाठी वेगवेगळी.

ए4 रोज वाचायचं असेल तर सरळ 13.3 इंच. अख्खं पान 91 टक्क्यांवर बसतं. पण वजन सहाशे ग्रॅमच्या घरात जातं, एका हातात धरून वाचायची वस्तू ती नव्हे.

निळी शाई

@मापाडी, हिशोब चोख आहे, पण तो कृष्णधवलालाही तसाच लागू होतो. साडेआठ पॉइंटचा मजकूर जास्त पांढऱ्या पडद्यावर जास्त सुखाने वाचता येईल, एवढंच माझं म्हणणं. शिवाय रंगीत मजकुराबद्दल कोणीच बोललं नाही. बारीक निळ्या लिंक, लाल टिपा यांना 150 पीपीआयच मिळतात. कडा तुटक दिसतात. म्हणजे रंगात छापलेलं अक्षरच रंगीत पडद्यावर वाईट दिसतं!

पानगळ

गाळणी नकोच असेल तर गॅलरी 3 हे दुसरं रंगीत ई-इंक पॅनल आहे. त्यात निळसर, किरमिजी, पिवळे आणि पांढरे कण पॅनलमध्येच असतात, त्यामुळे रंगालाही पूर्ण रिझोल्यूशन मिळतं. 2024 मध्ये आलेल्या रिमार्केबल पेपर प्रो या टॅबचा 11.8 इंची पडदा याच तंत्रावर आहे, 2160 × 1620, म्हणजे 229 पीपीआय. अडचण वेगाची. चार प्रकारचे कण जागेवर आणायला वेळ लागतो, रंगीत पान बदलताना पडदा लुकलुकतो. नकाशात झूम करत फिरणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल. सलग वाचणाऱ्याने जरूर बघावं. आणि त्यावर हवी ती ॲप टाकता येत नाहीत, पीडीएफ आणि ईपब एवढ्यावर भागत असेल तरच.

खिळाजुळारी

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनचा मुद्दा राहिलाच. इथे रंगीत पडदा सेटिंगशिवाय कृष्णधवलापेक्षा वाईट ठरतो. पिवळ्या पडलेल्या कागदाचा रंग तो इमानाने दाखवायला जातो, आणि आधीच करड्या पार्श्वभूमीवर ते पान चिखलासारखं दिसतं. फाइल टॅबवर टाकण्यापूर्वी संगणकावर स्कॅनटेलर या स्कॅन साफ करणाऱ्या प्रोग्राममधून काढा: पान सरळ करा, समास कापा, आउटपुट "काळे-पांढरे" निवडा. पुसट छपाईत अक्षरं तुटत असतील तर थ्रेशोल्ड (काय काळं, काय पांढरं हे ठरवणारी मर्यादा) थोडा जाडकडे सरकवा. अती सरकवला तर "ष"चं पोट भरून जातं. रंगीत चित्रांची पानं तेवढी वेगळी काढून रंगीतच ठेवा.

आणि पीडीएफ रीफ्लो करताना (मजकूर पडद्याच्या रुंदीत पुन्हा मांडताना) सांभाळा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बनवलेल्या फाइलमधला मजकूर रीफ्लो केला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण आत खरी देवनागरी नसतेच. केओरीडरचा रीफ्लो पानाच्या चित्राचे तुकडे करून पुन्हा मांडतो, तो अशा फाइललाही चालतो. ओळी दाट असतील तर मात्र वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो.

रेघोटी

माझं मत निळी शाई यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. रोजच्या वाचनात माणूस सतत मागेपुढे चाळतो. रंगीत पानानंतर मजकुराचं पान आलं की आधीच्या चित्राची सावली उरते (घोस्टिंग). पूर्ण रिफ्रेश (पडदा पुसून पान नव्याने काढणं) दर पानाला लावला तर लुकलुक, दर दहा पानांनी लावला तर घोस्टिंग. वेगवान मोड लावला की करड्या छटा गळतात आणि चित्रांत ठिपके येतात. रंगासाठी साधा एलसीडी टॅब आणि मजकुरासाठी कृष्णधवल ई-इंक, ही जोडी सरस.

अक्षरवेध

@रेघोटी, एकच सेटिंग सगळ्या टॅबला लावाल तर हे होणारच. बऱ्याच अँड्रॉइड ई-इंक टॅबांवर प्रत्येक ॲपला वेगळा मोड देता येतो. मजकुराच्या पुस्तकाला दर पाच-सहा पानांनी पूर्ण रिफ्रेश, कॉमिक्स आणि मासिकाला दर पानाला, वेगवान मोड फक्त ब्राउझरमध्ये. एकदा लावून ठेवा. आणि दोन यंत्रांची जोडी म्हणाल तर आलेख एका पडद्यावर आणि त्याचं विवेचन दुसऱ्यावर, हे वाचन नव्हे, कसरत आहे.

निळी शाई

मग घेणाऱ्याने आधी एवढं करावं. स्वतःच्या तीन फाइल न्याव्यात: एक ए4 शोधनिबंध, एक पिवळा स्कॅन, एक रंगीत आलेखांचं प्रकरण. दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली सगळेच पडदे छान दिसतात, म्हणून टॅब सावलीत न्यावा, फ्रंटलाइट शून्यावर आणावा आणि शोधनिबंधाच्या तळटिपा वाचून बघाव्यात. मग शेजारी त्याच आकाराचा कृष्णधवल ठेवून तेच पान. माझी पैज कृष्णधवलावर.

अक्षरवेध

आणि मग दोन्हींवर तिसरी फाइल उघडावी. ती का वगळली?