तंजावरला किमान दोन रात्री द्या

तिरुचिरापल्लीहून सकाळी निघून तंजावर एका दिवसात उरकतं, असं तुम्ही लिहिलंय. देऊळ बघून होईल हो, पण गाव राहून जाईल. माझं ऐका, दोन रात्री मुक्काम कराच.

बृहदीश्वराच्या देवळात पहाटे जा. दुपारी गाभारा बंद असतो आणि अंगणातली फरशी अशी तापते की अनवाणी पाय टेकवत नाहीत. १०१० साली पुरं झालेलं राजराज चोळाचं हे देऊळ सगळे मान वर करून बघतात. तुम्ही मात्र आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशीही जा. तिथे तंजावरच्या मराठा गादीवरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतलाय, आणि तो मराठीत! चहूकडे तमिळ ऐकू येत असताना दगडावरची देवनागरी अक्षरं एकेक करून लागायला लागली, तेव्हा मला भरून आलं. घाई न करता वाचा.

मग राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय. मोडी कागदपत्रांचा केवढा साठा आहे तिथे! आपल्याकडच्या मोडी शिकणाऱ्या पोरांनी एकदा तरी जावं असं मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणमजवळचं दारासुरमचं देऊळ. रथासारखा मंडप, त्याची दगडी चाकं, आणि गर्दी कमी. येताना पितळी डबरा-टंबलरमधली (पसरट वाटी आणि पेला) डिग्री कॉफी, म्हणजे निर्भेळ दुधातली फिल्टर कॉफी, घ्या. संध्याकाळ तिरुवैयारूला, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी घालवा.

शक्यतो डिसेंबर-जानेवारीत जा, उन्हाळा टाळाच.