मदत हवी आहे: एकच व्हीआर (आभासी वास्तव) प्रशिक्षण दोन कंपन्यांच्या हेडसेटवर कसे चालवावे?

नमस्कार. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लेथकामाचा छोटा कारखाना आहे. नवीन मुलांना थेट मशीनवर उभे करण्याआधी चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) आवळणे, टूल लावणे, कॅरेज सरकवणे यांचा सराव व्हावा म्हणून गेल्या वर्षी युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक व्हीआर प्रशिक्षण करून घेतले. त्यात पहिल्या हेडसेटच्या कंपनीची स्वतःची एसडीके (प्रोग्रॅम बनवण्याची साधने) वापरलेली आहे. आता दुसऱ्या कंपनीचे दोन हेडसेट स्वस्तात मिळाले (मोह नडला, दुसरे काय!) आणि त्यांच्यावर तीच एपीके (अँड्रॉइडची ॲप फाइल) चढते खरी, पण उघडताच बंद पडते.

म्हणून प्रोजेक्टची वेगळी प्रत काढून तिला वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेडसेटवर एकच प्रोग्रॅम चालावा म्हणून असलेले ओपनएक्सआर प्लगइन लावले. क्रोनोस ग्रुपच्या या खुल्या मानकाची १.० आवृत्ती २०१९ मध्येच आलेली असल्याने काम सोपे असेल, असे वाटले होते. चित्र आता दोन्हींकडे दिसते. अडले आहे ते हातांपाशी. पहिल्या हेडसेटवर ग्रिपचे बटण दाबले की चकची चावी हातात येते, दुसऱ्यावर हात हलतो, चावीपर्यंत पोहोचतो, पण बटण कितीही दाबले तरी चावी उचलली जात नाही. शिवाय खऱ्या मशीनवर खुणा दाखवणाऱ्या भागात, म्हणजे पासथ्रूमध्ये (हेडसेटच्या कॅमेऱ्यातून समोरचे खरे दृश्य दाखवण्याची सोय), कारखान्याऐवजी नुसता काळोख दिसतो. हे सगळे सोडून वेबएक्सआरकडे, म्हणजे ब्राउझरमधून चालणाऱ्या व्हीआरकडे, वळावे का? कार्यालयातल्या संगणकाच्या आयपी पत्त्यावरून एक नमुना पान उघडून पाहिले, तर त्यात व्हीआरमध्ये जाण्याचे बटणच आले नाही.

प्रतिसाद:
ओपनएक्सआरमध्ये प्रोग्रॅम थेट बटण मागत नाही, तर 'पकडणे' अशी क्रिया मागतो आणि ती कोणत्या बटणाला जोडावी हे प्रत्येक कंट्रोलरच्या (हातात धरायच्या उपकरणाच्या) इंटरॅक्शन प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या बटणांच्या यादीत, सुचवावे लागते. काही कंट्रोलरची ग्रिप किती दाबली तेवढे मूल्य देते, काहींची फक्त दाबली किंवा नाही एवढेच सांगते. आपण दुसऱ्या कंट्रोलरचे प्रोफाइल जोडले आहे का, ते आधी पाहावे. पासथ्रूची गोष्ट निराळी आहे. तो भाग बहुधा पहिल्या कंपनीच्या एक्स्टेन्शनवर (मानकाला जोडलेल्या जादा सोयीवर) बेतलेला असेल; दुसऱ्या हेडसेटच्या रनटाइममध्ये (त्यावर ओपनएक्सआर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ते नसेल, तर मानक पाळूनही काळोखच दिसणार. काही रनटाइम अल्फा ब्लेंड, म्हणजे खऱ्या दृश्यावर चित्र मिसळण्याच्या, पद्धतीने पासथ्रू देतात, तेवढे तपासावे. तेही नसेल, तर ही सोय आहे का, हे प्रोग्रॅमनेच सुरुवातीला तपासून तो भाग बंद ठेवणे बरे. वेबएक्सआरला सुरक्षित जोडणी, म्हणजे एचटीटीपीएस लागते. साध्या एचटीटीपीने उघडलेल्या आयपी पत्त्यावर ते मिळतच नाही. मात्र एवढ्यासाठी तयार झालेले काम मोडून नव्याने बांधू नये, असे मला वाटते.

धागाकर्ता:
मनापासून आभार. प्रोफाइल मी जोडले होते, पण युनिटीच्या सेटिंगमधल्या संगणकाच्या टॅबमध्ये. हेडसेटसाठी लागणाऱ्या अँड्रॉइडच्या टॅबमध्ये पहिल्या कंपनीचे एकटेच होते. तिथे दुसरे जोडून पुन्हा बिल्ड केले आणि चावी उचलली गेली. अल्फा ब्लेंडही तपासले, पण नव्या हेडसेटला चालणाऱ्या पद्धतींच्या यादीत ते नाही. त्यामुळे खुणांचा भाग आता जुन्या हेडसेटवरच शिकवणार आहोत.